कॅसेटमधली शेकोटी



सीतादही झाली, पहिला वेचा सुरू आहे. परतीच्या पावसानं बुडाची बोंडं सडवली, मधली आणि वरची बरी फुटली. तुरीला कळी धरली आहे आणि सकाळी धुकं पडायला लागलं, म्हणून जीवाला घोर आहे. कापसाच्या दराचं पुढच्या नोंदीत लिहीन. आज लिहायला बसलो तर तोंडून वाईट निघेल. आणि आजची नोंद तशीही पिकाची नाही, आवाजाची आहे.

तुरीत रानडुकरं आणि रोही येतात हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. मागच्या वर्षी मी बॅटरीवरचा भोंगा आणला होता. पेन ड्राइव्ह लावायचा, त्यात कुत्र्याचं भुंकणं, माणसाचं ओरडणं, फटाके, सगळं भरलेलं. पहिल्या रात्री डुकरं अशी पळाली की मला वाटलं आता जागल संपली, घरी झोपू. पाचव्या रात्री ती त्याच भोंग्याच्या खाली उभी राहून शेंगा खात होती. हे कुत्रं दर वेळी तेवढंच भुंकतं, तेवढ्याच वेळानं भुंकतं, आणि जवळ कधीच येत नाही, हे त्यांनी ताडलं. मग पुन्हा मी, मचाण आणि टिनाचा डबा. डब्याचा काही नेम नसतो. कधी मी दोनदा बडवतो, कधी झोप लागली तर तासभर बडवतच नाही. त्याला मात्र डुक्कर अजून भितं.

भरलेला आवाज आणि समोरचा आवाज यातला फरक डुकराला पाच रात्रींत कळला. मला यंदा कळला, तोही दुसऱ्यानं दाखवल्यावर. ती गोष्ट सांगतो.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, गावच्या भजन मंडळात खंजेरी वाजवायचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. खंजेरी म्हणजे लाकडाचं कडं, एका बाजूला कातडं ताणून बसवलेलं, कड्याच्या खाचांत पितळेच्या चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या बोटांनी वाजवायची. आमच्या यवतमाळ-अमरावतीकडं ती घराघरांत गेली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळं. १९०९ सालचा जन्म, १९६८ साली गेले, आणि हयातभर खंजेरी हाताशी. १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानपर्यंत जाऊन आले. त्यांच्या मूळ आवाजातली भजनं खरखरीसकट आजही ऐकायला मिळतात आणि त्या खरखरीबद्दल कोणी तक्रार करत नाही.

आमच्याकडं खंजेरीवर जेवढे वाद होतात तेवढे राजकारणावर होत नसतील. पारावर बसलं की सुरू. सत्यपाल महाराज एकटे सात खंजेऱ्या वाजवतात, तर कोणी म्हणायचं याच्यापुढं वाजवणारा होणं नाही. दुसरा म्हणायचा सात राहू दे, एकच वाजव पण भजनाचा शब्द झाकू नको. कोणाचा अंगठा गोड, कोण लय वाढवून टाळ्या घेतो, कोण नुसताच मान हलवतो. हे सगळे वाद प्रत्यक्ष ऐकलेल्या लोकांचे. अमक्या गावच्या स्पर्धेत मी होतो, एवढं म्हटलं की त्या माणसाचं वजन वाढायचं.

तर स्पर्धा. १९९७ चा जानेवारी, दिग्रसकडचं एक गाव. वीस-बावीस मंडळं आलेली. आमचा नंबर रात्री अडीचच्या सुमारास लागला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, दहावी पास, म्हणजे मंडळातला शिकलेला माणूस. म्हणून टेपरेकॉर्डर माझ्याकडं. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. मी स्टेजच्या पायाशी पोत्यावर मशीन ठेवलं होतं. आमच्या आधी शेजारच्या तालुक्यातलं एक नामी मंडळ होतं. त्यांचे खंजेरीवाले बुवा आमच्या दादाचे जुने जोडीदारही आणि वैरीही. घरी जाऊन तुलना करता यावी म्हणून मी त्यांचंही रेकॉर्डिंग केलं. त्यामुळं आमच्या पहिल्या भजनातच बाजू संपली. कॅसेट काढून उलटून घालीपर्यंत दहा-बारा सेकंद गेले. ते आता या जगात कुठंच नाहीत. म्हणजे कापाकापीची सुरुवात माझ्यापासूनच आहे.

दुसऱ्या भजनाच्या मध्यात घोळ झाला. दव उतरलं होतं. ज्यांनी कातड्याचं वाद्य हाताळलं त्यांना माहीत आहे, ओल लागली की कातडं सैल पडतं आणि आवाज बद्द येतो. दादानं एक आवर्तन ओढून नेलं, दुसरं नेलं, मग वाजवणंच थांबवलं. भर स्पर्धेत. गर्दीतून कोणी तरी ओरडलं, "झोपली बे खंजेरी!" लोक हसले. पेटीवाल्यानं शहाणपण केलं, सूर धरून ठेवला. दादा स्टेजवरून उतरला, शेकोटीवर खंजेरी शेकली, परत चढला आणि वाजवायला लागला. त्यानंतरची चार-पाच मिनिटं त्यानं जे वाजवलं, तसं मी ना त्याच्या हातून आधी ऐकलं ना नंतर. पण भजन मध्येच थांबलं म्हणून गुण गेले. आम्हाला दुसरं बक्षीस, बुवांच्या मंडळाला पहिलं. बुवांनी दुसरी खंजेरी घोंगड्यात गुंडाळून शेकोटीपाशी ठेवली होती. थंडीच्या रात्री वाजवायला जाताना ही अक्कल पाहिजे, ती आमच्याकडं नव्हती. निकाल बरोबर होता. दादानं स्वतः परत येताना बंडीत तसं म्हटलं होतं.

२००४ साली दादा काविळीनं गेला. पुतण्या तेव्हा तीन वर्षांचा. त्याला बापाचा आवाज आठवत नाही.

तोच पुतण्या आता पुण्यात कंपनीत आहे. मागच्या दिवाळीत कॅसेट मागून घेऊन गेला. यंदा पोळ्याच्या आधी त्यानं ती मोबाइलवर सगळ्यांना ऐकायला टाकली. दादाचा फोटो, खाली मंडळाचं नाव, साल. मी वावरात होतो, डवरणी चालू होती. बैल थांबवून धुऱ्यावर बसून ऐकलं. लपवत नाही, रडलो. एवढा स्वच्छ आवाज! खरखर नाही, जनरेटरची घरघर नाही, कुत्री नाहीत. आणि दुसरं भजन सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग. कुठं थांबणं नाही, हसणं नाही.

गावात आठ दिवस हेच. ज्यांनी दादाला पाहिलंही नाही अशी पोरं ऐकायला लागली. मग चावडीवर बोलणं निघालं, की एवढं साफ वाजवलं आणि दुसरं बक्षीस? पंच फितूर होते. पहिलं बक्षीस लाटलं त्यांनी. हे बोलणं आमच्या गावातून त्या गावात गेलं, जसं जातं.

मी गप्प बसलो. मंडळी, हेच लिहायला आज बसलो आहे. मला माहीत होतं. टेप माझ्या हातात होता, थांबलेली खंजेरी मी डोळ्यांनी पाहिली होती. पण दादाचं नाव निघत होतं, लोक मला पारावर बसवून चहा पाजत होते, आणि मला ते गोड लागत होतं. पंधरा दिवस मी ते खाल्लं.

मग एक दिवस बुवाच आले. पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, नातवाच्या गाडीवर मागं बसून थेट वावरात. मी म्हटलं, "या जी बुवा, घरी यायचं होतं." ते म्हणाले, "घरी लोक असते. वावरातच बरं." पाणी प्याले आणि म्हणाले, "मले आयकवा ते. नातवाच्या मोबाइलात आयकलं, पन त्याचा आवाज बारीक हाये."

मी लावलं. ते डोळे मिटून, अंगठ्यानं मांडीवर ठेका धरून ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "चकत्या कुठं गेल्या?"

मला कळेना. मग मीही कान देऊन ऐकलं. खरंच. कातड्याचा ठोका येत होता, पण पितळेची किणकिण गेली होती. पुतण्याला नंतर विचारलं तेव्हा त्यानं समजावलं. कॅसेटची खरखर काढायला मशीनला ती खरखर आधी दाखवावी लागते, मग तेवढी ते वजा करतं. पण चकत्यांचा बारीक आवाज आणि कॅसेटची खरखर राहतात एकाच उंचीवर. खरखरीसोबत चकत्याही वजा झाल्या. तणनाशकानं तणासोबत पीकही थोडं भाजावं तसं.

दुसरं भजन लागलं. मध्यात बुवांचा अंगठा थांबला. "मांग घ्या." मी मागं घेतलं. पुन्हा अंगठा तिथंच थांबला. "हे पाहा. केरवा हाये. आठ मात्रा पाह्यजेत. इथं सात होते. तुमच्या दादाच्या हातून मात्रा खाली पडनं नाही. तो चुकला असता तर थांबला असता, पन सात नसता वाजवला." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोनं तरी कापलं हाये. अन मी म्हने बक्षीस चोरलं."

मी त्यांना काय बोलणार? बक्षीस तुमचंच होतं जी, म्हटलं. ते म्हणाले, "मले नका सांगू. मले ठावं हाये."

त्या रात्री पुण्याला फोन लावला. पोरगा आधी चिडला. म्हणाला, "काका, बाबा थांबले, लोक हसले, ते कशाला ऐकवायचं जगाला? माझ्याकडं त्यांचं एवढं एकच आहे." याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. मग तो म्हणाला, मोठमोठे असंच करतात. त्याला गिटारच्या इंग्रजी गाण्यांचा नाद आहे, त्याच्या खोलीच्या भिंतीवर केसाळ माणसांचे फोटो आहेत. त्यानं सांगितलं, थिन लिझी नावाचा आयर्लंडचा बँड होता, १९७८ साली त्यांची ‘लाइव्ह अँड डेंजरस’ म्हणून रेकॉर्ड आली, कार्यक्रमातच रेकॉर्ड केलेली अशी. ती बनवणारा टोनी व्हिस्कॉन्टी नंतर म्हणाला, यातला पाऊण भाग आम्ही स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला. बँडचा मॅनेजर म्हणाला, खोटं, पाऊण भाग कार्यक्रमातलाच आहे. शौकीन लोक त्यावर अजून भांडतात. मी म्हटलं, म्हणजे तुमच्याकडंही पार आहे तर.

मी विचारलं, असा कोणीच नाही का, ज्यानं जसं वाजलं तसं ठेवलं? तो म्हणाला, आहे ना. डीप पर्पल, ‘मेड इन जपान’. १९७२ चा ऑगस्ट, १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ ला टोकियो. बँडवाले म्हणतात की वरून काही भरलेलं नाही. जपान म्हटल्यावर मला महाराज आठवले, पण ते त्याला सांगत बसलो नाही. त्यानं त्यातलं एक बारा मिनिटांचं गाणं पाठवलं. शब्द एक कळला नाही. पण मध्ये गिटारवाला, रिची ब्लॅकमोर त्याचं नाव, एकटाच सुटतो आणि बाकीचे त्याच्या खाली ठेका धरून राहतात, ती जागा मला बरोबर कळली. आमचा पेटीवाला सूर धरून राहतो तीच ती.

मी विचारलं, "अन वाजवता वाजवता चुकला असता तर?"

"काका, तीन रात्री होत्या. एका रात्रीचं बिघडलं तर दुसऱ्या रात्रीचं घ्यायचं."

"आपल्याजवळ दुसरी रात्र कुठं आहे बापा?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, कापलेलं मी टाकून दिलेलं नाही, पूर्ण फाइल आहे माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी त्यानं ती पाठवली. पंचावन्न सेकंदांचा तुकडा होता तो.

इथं त्या जुन्या मशीनची एक गंमत सांगावी लागते. त्या टेपरेकॉर्डरला आवाज कमी-जास्त करायची चावी नव्हती, तो आपोआप करायचा. मोठा आवाज आला की दाबायचा, शांत झालं की वर उचलायचा. त्यामुळं दादानं वाजवणं थांबवल्याबरोबर कॅसेटमध्ये आजूबाजूचं सगळं वर येतं. शेकोटीत काटक्या तडतडतात तेही ऐकू येतं. पेटीचा सूर लांबून. हसणं, खोकणं. कुणाचं तरी लेकरू रडतं. आणि त्यात दादाचा बोलण्याचा आवाज. गाण्याचा नव्हे, बोलण्याचा. "लहान्या, शेकोटी कुठं हाय बे?"

वीस वर्षांत मला लहान्या म्हणणारं कोणी राहिलेलं नाही. पोरानं बापाचं थांबणं झाकायला गेला आणि त्याचं बोलणं कापून बसला. त्याचा दोष नाही, त्यानं तो तुकडा नीट ऐकलाच नव्हता. हसण्याचा आवाज आला की लगेच पुढं न्यायचा, असं तो म्हणाला.

दादाच्या बोलण्याला लागूनच दुसरा आवाज आहे, बाजूनं, भारदस्त: "इकडं आना जी. आमच्यापाशी हाय आच." मी तीन-चारदा ऐकला तेव्हा ओळखला. बुवा. शेकोटी त्यांच्या मंडळाची होती. स्पर्धा चालू असताना समोरच्याची खंजेरी शेकायला त्यांनी आपल्या आगीपाशी जागा करून दिली होती. हे मी साफ विसरलो होतो. सव्वीस वर्षांच्या पोराला हरलेलं लक्षात राहतं.

मग मी बुवांना बोलावून घेतलं, जागलीच्या रात्री, मचाणाखाली. पेन ड्राइव्हमध्ये ते भरलं आणि डुकरांचा तो भोंगा काढला, कारण त्याचा आवाज मोठा. थंडी होती, शेकोटी केली. पंचावन्न सेकंद लागले तेव्हा बुवा कान पुढं करून बसले. आपला आवाज आल्यावर म्हणाले, "हे मी म्हटलं?" म्हटलं, तुम्हीच. "मले नाही आठवत," म्हणाले. पुढचं वाजवणं ऐकलं, चकत्यांसकट. मान हलवली. मग म्हणाले, "शेवटी लय लवकर वाढवली त्यानं. घाई झाली." अठ्ठावीस वर्षांनीही परीक्षा चालूच.

थोडं थांबून त्यांनी ते विचारलं, ज्याची मला भीती होती. "आमचं बी होतं ना याच कॅसेटीत? पहिल्या बाजूले?"

होतं. वीस मिनिटं होतं. दादा असतानाच, २००० सालच्या आसपास, नवी कॅसेट आणायला पैसे नव्हते म्हणून मी रेडिओवरून सिनेमाची गाणी त्यावर भरली. बुवांचं त्या वयातलं दुसरं रेकॉर्डिंग कुठं नाही, हे ते स्वतःच मघाशी सांगून बसले होते. मी खोटं बोलू शकत होतो, कॅसेट खराब झाली म्हणून. पण सेकंद कापण्यावरून पोराला दम दिलेला, आता वीस मिनिटांवर पडदा कसा टाकू? सांगितलं.

बुवा शेकोटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कोनते गाने होते?"

सांगितले.

"हूं," म्हणाले. "चांगले होते तवाचे गाने." आणि घोंगडं अंगावर ओढून घेतलं.

पुतण्यानं आता पूर्ण भजन टाकलं आहे, थांबण्यासकट, आणि खाली लिहिलं आहे की पहिलं बक्षीस कोणाला होतं आणि शेकोटी कोणाची होती. साफ केलेलंही ठेवलं आहे, आईला तेच आवडतं म्हणाला. वहिनींना मी काय सांगणार? चावडीवरचं बोलणं थांबलं. मला चहा पाजणं पण थांबलं. बुवांच्या नातवाला सांगितलं आहे की दर बुधवारी संध्याकाळी मी येतो, मोबाइल घेऊन. बोटं आता पहिल्यासारखी चालत नाहीत, पण वाजवतात. गेल्या बुधवारी तीन भजनं झाली. मध्ये दोनदा खंजेरी शेकावी लागली. तेही घेतलं आहे.

उद्या सकाळी धुकं नसलं तर तुरीवर फवारणी आहे. कोणी मजूर मोकळे असतील तर कळवा.